वेदीवरच्या चित्रातली होडी

पप्पा,

आपल्या गावच्या चर्चमधलं वेदीवरचं मोठं चित्र साफ करायला खाली उतरवलंय. पोर्तुगीजांच्या काळातलं ते. मरियामाता ढगांवरून स्वर्गात चाललीय, खाली उघड्या कबरीभोवती शिष्य जमलेत, कुणी हात वर केलेत, कुणी तोंड झाकून घेतलंय, आणि मागे सगळा काळोख. कुणी म्हणतं जहाजातून आलं, कुणी म्हणतं गोव्याच्या कारागिरानं काढलं. मी मात्र ते पहिल्यांदा पाहिलं रियाधमधल्या आपल्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.

आठवडाभर तुम्ही शहराकडेच्या अल सुलै भागातल्या गोदामांच्या पाट्या रंगवायचात, ट्रकवर अरबी अक्षरं काढायचात. त्या देशात चर्च नाही, म्हणून आई शुक्रवारच्या सुट्टीत ओट्यापाशीच प्रार्थना म्हणायची. अशाच एका शुक्रवारी तुम्ही कोळशानं ते चित्र आठवून आठवून काढताय. ढग, देवदूत, कबर. मग कोपऱ्यावर बोट ठेवून विचारता, "इथं मागं काय आहे, सांग?"

"नथिंग. इट्स जस्ट ब्लॅक," मी म्हणते.

"मराठीत बोल," तुम्ही ओरडता, आणि मग आवाज खाली आणून सांगता, "खाडी आहे. खाडीत होडी आहे. काळोखात गेलीय, पण आहे."

आई भाकरी उलटत म्हणते, "एवढ्या काजळीत तुम्हालाच बरी होडी दिसली."

"मी वर चढलो होतो. लग्नाआधी. पाणी झिरपून तिथला रंग सुटला होता, फादरांनी मला डागडुजीला लावलं होतं."

दर सुट्टीच्या आधी तुम्ही म्हणायचात, "त्या चित्रात माझं एक काम राहिलंय." सुट्टी मात्र लग्नांत आणि घराचं छप्पर शाकारण्यात जायची. काम कसलं, हे मी कधी विचारलं नाही. मोठी माणसं असं काहीबाही बोलतात, एवढंच मला वाटायचं.

मग सौदीकरण आलं, परक्यांच्या नोकऱ्या तिथल्याच लोकांना द्यायच्या ठरल्या. ओळखीची घरं एकेक करून रिकामी होऊ लागली. तुमच्या कफीलनं, ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा होता त्या मालकानं, तुम्हाला समोर बसवून चहा पाजला आणि म्हणाला, "मेरे हाथ में कुछ नहीं रहा." घरी येऊन तुम्ही फक्त "खलास" म्हणालात आणि हात धुवायला गेलात. गावी परतलात तोवर थिनरच्या वासानं छाती पोखरली होती. तरी चर्चमध्ये जाऊन शिडी मागितलीत. नव्या फादरांनी तुम्हाला लागलेली धाप पाहून ती दिली नाही. "पावसाळ्यानंतर बघू," म्हणाले. पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात.

मागच्या आठवड्यात मला चर्चमधून बोलावणं आलं. चित्रं दुरुस्त करणारी बाई दिव्याखाली वाकून कापसाच्या बोळ्यानं काजळी काढत होती. कोपऱ्यात होडी होती, पप्पा. शिडाचे दोरसुद्धा दिसत होते.

"हे मूळचं नाही हं," ती हळूच म्हणाली. "हा पाट्या रंगवायचा ऑइलपेंट आहे. याच्याखाली गुडघे टेकलेला एक शिष्य आहे. अर्धाच उरलाय, पण आहे."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या पप्पांचं काम दिसतंय. काढून टाकायचं का, तुम्ही सांगा."

मी बाकावर जाऊन बसले. सुटलेल्या रंगातून तो माणूस पुन्हा उभा करणं तुम्हाला जमलं नसेल, म्हणून हाताला येत होतं ते काढलंत का? आणि राहिलेलं काम कोणतं होतं, होडी पुरी करायचं की पुसायचं? त्या सगळ्या वर्षांत एकदा जरी विचारलं असतं, तर फादरांना उत्तर देणं सोपं गेलं असतं. शेवटी मी "काढा" म्हणाले.

काल शिष्याचा चेहरा मोकळा झाला. एक डोळा गेलाय, तरी फार सुंदर आहे, असं सगळे म्हणतात. "समाधान वाटलं ना?" फादरांनी विचारलं. मी "हो" म्हणाले. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते: तो चेहरा मी अजून नीट पाहिलेला नाही. मी त्या बाईच्या पायाशी पडलेल्या, होडीचा रंग लागलेल्या कापसाकडेच बघत होते.