आठ चिठ्ठ्यांचा प्रयोग

७ फेब्रुवारी १९९४, सोमवार
आजपासून शिस्त. काशीमीऱ्याच्या आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं शंभरात तीस वाकडी निघतात. सुभाष सर म्हणाले, या आठवड्यात कारण शोध, कायम करतो. नाहीतर बघू. 'बघू'चा अर्थ माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घरी समजावला. गणितही त्यांनीच घरी शिकवलं. अंदाजाने काम करणं मला जमत नाही.

८ फेब्रुवारी
मशीनचं तापमान, दाब, थंड व्हायचा वेळ. प्रत्येक कमी आणि जास्त. एकूण आठ चाचण्या. क्रम मी ठरवला तर पक्षपात होईल, म्हणून चिठ्ठ्या. मशीनवरचे उत्तम म्हणाले, मॅडम, भिशी लागली का? दुर्लक्ष केलं. नोंद केली.

९ फेब्रुवारी, दु. ३.१०
चार चिठ्ठ्या झाल्या. वाकडी झाकणं: एक, शून्य, दोन, एक! तीनदा मोजली. पॅकिंगच्या सरूबाई मुर्ध्याहून येतात. त्यांना प्रयोगातलं कळत नाही. म्हणाल्या, पोरी, जेवून घे, झाकणं कुठं पलत न्हाय. त्यांच्या टेबलावर दोन विटा पडल्यात. टापटीप हवी. असो, तो प्रयोगाचा विषय नाही.

१० फेब्रुवारी
उरलेल्या चारही तशाच. निष्कर्ष: कोणतीही सेटिंग चालते, उणीव फक्त नोंदवहीची होती. अहवाल अकरा पानं. पेढे कायम झाल्याचं पत्र मिळाल्यावरच. (आईने आजच आणले. एकच खाल्ला. दोन.)

१२ फेब्रुवारी, शनिवार
सरांसमोर शंभर झाकणं काढून दाखवली. चौतीस वाकडी. उत्तम हसले. सरूबाई नाहीत, भाचीच्या हळदीला वरसाव्याला गेल्यात. दोष बहुधा हवेचा. हवा नोंदवायची राहिली.

१४ फेब्रुवारी
सरूबाई आल्या. सरांसमोरच म्हणाल्या, गरम झाकणांची थप्पी लावायची, वर वीट ठेवायची, सरल ऱ्हातात. मग इतके दिवस का नाही ठेवली, मी विचारलं. म्हणाल्या, कोनी इचारलं? ह्या टायमाला तुजा तोंड बगून ठेवली. म्हटलं, पोरीची नोकरी जाईल.

सरांनी सहा विटा मागवल्या. कायम झाल्या सरूबाई. मला आणखी तीन महिने: विटेचं वजन किती, ठेवायची किती वेळ, ते शोधायचं.

दोन वजनं, दोन कालावधी. चार चिठ्ठ्या केल्या. पहिली उचलायला सरूबाईंना दिली. त्या न उघडताच म्हणाल्या, धाकटी वीट, चहा होईस्तोवर.