घोगरासुराचा डावा पाय

पुणे, रविवार

तीर्थस्वरूप गोपालमामांस भूपेंद्रचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि तुमच्या नवापूरच्या कोंबड्या, दोन्ही बरे असतील अशी आशा करतो. (कोंबड्यांना आधी विचारायला हवं होतं, कारण गुडघ्याला साथीचा रोग होत नाही.) बाबांच्या तेराव्याला तुम्ही मला पंगतीत विचारलंत, भाचेबुवा, तू पुण्यात नेमकं करतोस काय? तेवढ्यात वाढपी आला आणि उत्तर राहिलं. ते आता सविस्तर देतो.

मी कार्टूनमधले दुष्ट काढतो. आधी सहा वर्षं नुसती झाडं काढली. मग लहान मुलांच्या एका मालिकेसाठी खलनायक हवा होता, तो माझ्या वाट्याला आला. मी शिंगवाला काढला, सुळेवाला काढला, एकाला तर तीन नाकं दिली (सर्दीचा खर्च कोण करणार, असं ऑफिसात विचारलं गेलं). अकरा नमुने आमच्या दिग्दर्शक कामिनी मॅडमनी परत केले. त्या म्हणाल्या, खरा खलनायक स्वतःला दुष्ट समजत नाही, आणि तो नुसत्या सावलीवरून ओळखू आला पाहिजे. तू लहानपणी कोणाला घाबरायचास?

मामा, मी पेन्सिल उचलली आणि दहा मिनिटांत बाबा काढले. छपरासारख्या भुवया, मागे बांधलेले हात, एका पायाने लंगडत चालणं, बोलण्याआधीचं ते खाकरणं. गावी, कोरीटमध्ये, केळीच्या बागेतून ते येताना सावली आधी यायची आणि मी गोट्या खिशात घालायचो. वर एक मुकुट चढवला, आवाज घोगरा दिला, नाव ठेवलं घोगरासुर. मुलांना तो इतका आवडला की नायकाला कोणी विचारेना. मला बढती मिळाली.

मग आईचा फोन आला. 'धानोराना बजारमा पोरं तुन्हा बापले घोगरासुर म्हनी ऱ्हायनात. काय करी ठेवं तू?' आणि तिने फोन बाबांकडे दिला. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. (पुण्यात, बंद खोलीत, बत्तिसाव्या वर्षी.) बाबा आधी खाकरले. मग म्हणाले, 'चाल चुकनी. डावा पाय दुखस मन्हा, तू उजवा लंगडा दखाडा.'

मला वाटलं, हा राग आहे. मी घाईघाईने सांगितलं की बाबा, तो तुम्ही नाहीच, तुमचा काही संबंध नाही, पन्नास माणसं मिळून बनवतात. ते 'बरं' म्हणाले आणि फोन आईकडे दिला. मी सुटलो असं समजून चहा प्यायला गेलो. त्यानंतर चार महिन्यांनी ते बागेत पाणी देताना कोसळले, ते तुम्हाला माहीतच आहे. मधल्या काळात आम्ही फोनवर केळीच्या भावाबद्दल आणि पावसाबद्दल बोललो.

तेराव्याच्या संध्याकाळी गावातले चहावाले दगाभाऊ मला बाजूला घेऊन गेले. दर रविवारी सकाळी बाबा त्यांच्या टपरीवर येऊन टीव्हीसमोर बसायचे, गिऱ्हाइकांना गप्प करायचे, आणि घोगरासुर आला की सगळ्यांना सांगायचे, 'मन्हा भूपेंद्रनी काढेल शे. मन्हावरथीच काढेल शे.' त्या फोननंतरच्या शेवटच्या चार महिन्यांतही ते असं सांगायचे का, हे दगाभाऊंना विचारलं. ते म्हणाले, तेव्हाही यायचे, पण नुसते बघायचे. सांगायचे बंद झाले होते.

बाकी इकडे सर्व क्षेम. जेवण वेळेवर होतं, मी ठीक आहे, काळजी नसावी. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
भूपेंद्र

ता. क. : ठीक आहे असं वर लिहिलं आहे ते तुम्ही आईला फोनवर वाचून दाखवाल तेवढ्यापुरतं.

ता. क. दुसरा : खरं काम राहिलंच. मालिकेच्या शेवटच्या भागात घोगरासुर हसतो, असं ठरलं आहे. नऊ दिवस बसलो आहे. त्यांचा राग मला कुठल्याही कोनातून काढता येतो, हसू येत नाही. घरातल्या एकाही फोटोत ते हसलेले नाहीत. आईला विचारलं तर म्हणाली, 'तुन्हा मामाले इचार, तो आन तुन्हा बाप दोन्ही सोबतच हसेत.' तुमच्याकडे एखादा फोटो असला तर पाठवा. नसला तर एवढंच कळवा, हसताना त्यांचे दात दिसायचे का?