बेटावर खायला निघालेल्या मंडळींबद्दल वन्संना

तीर्थस्वरूप वन्संना,

तुमच्या भावजयीचा अगदी वाकून नमस्कार (पत्रातून वाकताना कंबर धरत नाही, म्हणून अगदी वाकून). तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे, म्हणून विचारते. उत्तर सविस्तर दिलं नाहीत तरी चालेल. मागच्या पत्रात नुसती तुमची पाठच चार पानं पुरली होती. इकडे सगळं ठीक. अक्षर सूनबाईचं आहे, शब्द माझे. तिला बजावलंय की तोंडातून येईल ते उतरव, मध्ये साखर पेरू नकोस.

तर तुमच्या भाच्याच्या डोक्यात सध्या बेट शिरलंय. कुठेतरी भर समुद्रात, जिथे बारा महिने घाम गळतो, अशा एका बेटावर आठवडाभर खाण्यापिण्याचा महोत्सव असतो म्हणे. उठायचं, खायचं, उन्हात उभं राहून प्यायचं, की पुन्हा खायचं. वन्सं, आपण याला लग्नघर म्हणायचो आणि तिथे जायला विमान लागत नसे. बरं, जाणार कोण? तर तुमचा भाचा, जो जेवणात एक मिरी जास्त पडली तर छातीवर हात ठेवून खुर्चीत बसतो. सोबत सूनबाई, जी भाताची शितं काट्यावर तोलून खाते (लिही गं, खोटं आहे का?). आणि तिसरा त्याचा मित्र, तो दातांचा डॉक्टर. दिवसभर पेशंटना गोड सोडा म्हणून दम देतो आणि स्वतः गोड खायला समुद्र ओलांडणार!

महिनाभर जेवणाच्या टेबलावर त्या बेटाचा नकाशा अंथरलाय, त्यामुळे मी ताट मांडीवर घेऊन जेवते. कुठल्या स्टॉलवर आधी जायचं, खेकडा आधी की अननस आधी, यावर दोन रविवार गेले. लेक पेन्सिल कानाला लावून असा बसतो, जसा काही पूलच बांधायचाय. मी एकदाच विचारलं, की बाबांनो, यात भूक कधी लागणार? ती कुठेच दिसत नाही.

मला अर्थातच नेणार नाहीत. लेक म्हणाला, "आई, तुला झेपायचं नाही गं. ऊन असतं, होडीत चढावं लागतं. तू आपली आत्याकडे आराम कर." आराम! वन्सं, तुमच्या घरी मला कधी आराम करताना पाहिलंय तुम्ही? तुम्ही करू दिलाय? पण मी म्हटलं, बरं बाबा. मला कुठे हौस आहे, परक्या माणसाच्या हातचा खेकडा उन्हात उभं राहून फोडायची? तर मला तुमच्याकडे सोडायचं विचारायला त्याचा फोन येईल.

गेल्या रविवारी तर रंगीत तालीम झाली. डॉक्टर कुठूनसं शिकून आला होता, की पेय आधी हुंगायचं, मग तोंडात घोळवायचं आणि मग थुंकायचं. (त्याच्या दवाखान्यात लोक दिवसभर दुसरं काय करतात?) पेशंटना चूळ भरायला देतात ते कागदी पेलेही घेऊन आला. पण गालिचा नवा, म्हणून सूनबाईने थुंकायला बंदी केली. सगळं गिळायचं ठरलं. लेकाने फ्रिजमधल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या काढून मांडल्या, त्यात अननसाच्या रसाची होती आणि मागे ठेवलेली माझी हिरवी बाटलीही आली. तिच्यात माझा पोट साफ व्हायचा काढा, जो मी चमचाभर घेते. डॉक्टरने पेला भरून घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "जुन्या लाकडाचा वास येतोय... आणि मागाहून समुद्र." दुसरा पेला मागितला. लेक मागे राहतो की काय! त्याला समुद्रासोबत ओली वाळूही लागली. दोघांनी मिळून त्या बाटलीला पहिला नंबर दिला. मी कोपऱ्यात मटार सोलत होते. मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. (सूनबाईने पेन खाली ठेवलंय. तिला आत्ता उलगडा होतोय. लिही गं, तू नाही ना प्यायलीस? तू नुसती हुंगत बसलीस.)

दुसऱ्या दिवशी डॉक्टर एका पेशंटला आ वासलेला तसाच खुर्चीत टाकून पुन्हा पुन्हा आत पळत होता. शेवटी तो बिचारा दात न भरताच घरी गेला. तुमचा भाचा घराबाहेरच पडला नाही. मग संध्याकाळी फोनवर दोघांनी खल करून ठरवलं, की बाधला तो अननसाचा रस! नकाशावरून अननस खोडला. आणि म्हणे झेपणार नाही मला. तोच काढा रोज घेऊन मी वर भाजी निवडायला बसते.

असो. तुमच्याकडे आनंदाने येईन. खाट खिडकीपाशी टाका. मुलाबाळांना माझे आशीर्वाद सांगा आणि उरलासुरला नमस्कार तुम्ही ठेवून घ्या.

तुमची भावजय

ता. क. : उशी माझी मी आणीन. तुमच्या उशीवर मान राहत नाही.

ता. क. दुसरा : हे अक्षर वेगळं दिसेल. ते खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं आहे. आत फुलांचं बी घालायचंय असं सूनबाईला सांगून मी पाकीट उघडंच ठेवायला लावलं. खाट टाकू नका. लेकाचा फोन आला की जागा नाही म्हणून सांगा. रंगकाम काढलंय म्हणा, पाहुणे आलेत म्हणा; बहाणे शोधायला तुम्हाला माझी मदत कधी लागली नाही. मात्र ठणकावून सांगा. आवाजात जरा जरी हळहळ आली तर तो विरघळेल आणि आईला एकटं कसं टाकू म्हणत बेटच रद्द करेल. तेव्हा 'जागा नाही' आणि 'तिला घेऊन जा की, चांगली धडधाकट आहे' हे दोन्ही एका दमात. उभ्या जन्मात माझं काही ऐकलं नाहीत, एवढं ऐका. मला जायचंय हो, वन्सं. पण लेकासुनेपुढे तोंड उघडून मागणार नाही.

ता. क. तिसरा : शिंपीणबाई विचारतायत, वन्संनी उलट आग्रहच धरला तर? तसं करू नका. होडीत चढायला बऱ्या म्हणून मोठाल्या फुलांच्या दोन विजारी बेतून झाल्यात. बेटावर गेले नाही, तर त्या मी तुमच्या दारात, तुमच्या शेजारणींसमोर घालीन.