गाडीतली सरकती मॅट

प्रिय दादा,

नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. पडदे शिवून शिवून कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला माझा नमस्कार सांग. इकडे सगळे सुखरूप आहेत, म्हणजे आता आहेत.

नवी गाडी घेतलीस तेव्हा जुनी तू आम्हाला दिलीस, त्याबद्दल तुझे उपकार आहेतच. पण तिच्यात चालवणाऱ्याच्या पायाखाली जी मॅट आहे ना, तिच्याविषयी लिहायचं आहे. ती एका जागी राहत नव्हती. चार ब्रेक लागले की पुढे सरकून पेडलखाली गोळा व्हायची. मग आमचे हे प्रत्येक ठिकाणी उतरून, दार उघडं टाकून, गुडघ्यांवर बसून ती मागे ओढायचे. ह्यांचा धंदा घड्याळदुरुस्तीचा. जी वस्तू हलायला हवी ती हलवायची एवढंच त्यांना ठाऊक. हलणारी थांबवायची कशी, हे त्यांना कधी कोणी शिकवलेलं नाही.

आधी त्यांनी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणली आणि मॅटच्या उलट्या बाजूला कडेकडेने लावली. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी गाडी उन्हात उभी राहिली, गोंद पातळ होऊन बाहेर आला, आणि हे दुकानापाशी उतरले तेव्हा एक बूट गाडीतच राहिला. गिऱ्हाईक समोर उभं असल्यामुळे तसेच एका मोज्यावर दुकानात गेले (मोजाही नेमका भोकाचा).

मग त्यांची नजर सासूबाईंच्या न्हाणीघरातल्या रबरी जाळीवर पडली. जिच्यावरून सत्तरीची बाई घसरत नाही, तिच्यावरून मॅट काय घसरणार, हा त्यांचा हिशोब. विचारायचं मात्र राहून गेलं. सासूबाई आंघोळीला गेल्या, पाय सरकला, त्यांनी नळ धरला आणि नळ हातात आला. त्यांना काही लागलं नाही, पण नळ हातात धरून त्या जे बोलल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्यातून जाळीच्या खालच्या त्या चिकटणाऱ्या वाट्या गुळगुळीत फरशीसाठी असतात. गाडीतल्या गालिच्यावर जाळी आणि मॅट दोघी जोडीने सरकू लागल्या.

आणि मग तो मंगळवार. आम्ही दोघं सासूबाईंची औषधं आणायला निघालो होतो. गल्लीच्या वळणावर मॅट सरकून ॲक्सिलरेटरवर चढली. पाय उचलला तरी गाडी थांबेना. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तेव्हा आम्ही दातांच्या डॉक्टरांचं कुंपण मोडून त्यांच्या टोमॅटोंमध्ये उभे होतो. डॉक्टर हातातला चहा घेऊन बाहेर आले. आमच्याकडे बघितलं, टोमॅटोंकडे बघितलं आणि म्हणाले, "एरवी पेशंट वेळ घेऊन येतात."

हसू नकोस. पाच पावलांवर त्यांच्या नातीची तीनचाकी सायकल उभी होती. नात आत दूध पीत होती म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ह्यांनी किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

शेवटी गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने दार उघडलं, हात घातला आणि अर्ध्या मिनिटात विचारलं, "ताई, ह्या दोन मॅट एकीवर एक कोणी घातल्या?" दादा, खाली आम्ही ज्याला गालिचा समजत होतो ती गाडीची मूळ मॅट होती, गाडीच्या तळाला असलेल्या दोन आकड्यांत पक्की अडकवलेली. वरची हौसेची मखमली तू घातलेलीस. त्याने वरची काढून बाहेर फेकली. काम झालं. तेव्हापासून खालची मॅट तसूभर हललेली नाही. तुला दोष देत नाही, पण नव्या गाडीतही तू हाच उद्योग केला असशील, तर आज वाकून बघ.

तुझी धाकटी बहीण

ता. क. वर एक लिहायचं राहिलं. त्या मंगळवारी गाडी मी चालवत होते. दोन महिने शिकते आहे. डॉक्टर चहा आत ठेवावा की बाहेर घेऊन यावा ह्या विचारात होते, तेवढ्यात ह्यांनी मला ढकलून जागा बदलली. तीन आठवडे सासूबाई ह्यांना "डोळे कुठे होते तुझे?" म्हणून बोलताहेत आणि हे मान खाली घालून जेवताहेत. आता माझा पायच गाडीत पडत नाही. तू रविवारी येऊन माझ्या शेजारी बसशील का? ह्यांना बसवलं तर ते आधीच डोळे मिटून घेतात, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

ता. क. २. हे पत्र ह्यांनी वाचलं. म्हणतात, दादाला खरं सांगितलंस, छान केलंस, आता आईलाही तूच सांग. तर रविवारी नको, शनिवारीच ये.