मोनालीच्या बाबांचा शब्बाथ

जठारपेठ, अकोला
मंगळवार (मुद्दाम मंगळवार, कोणाच्याच पवित्र दिवशी राग केला असं व्हायले नको)

ति. शेषरावदादास धाकट्या बहिणीचा, दीपमालाचा, प्रभूमध्ये सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? माधवीवहिनीची शुगर उतरली का? वहिनीची काळजी मले खरोखर आहे. तुझी चौकशी रीत म्हणून केली. फोनच करणार होती, पण मी आवाज चढवला की तुझ्याकडचं नेटवर्क जाते, म्हणून पत्र. (शुद्ध लिहायचं ठरवून बसली होती. रागात आपली बोली येऊन राहिली, तर येऊ दे.)

दादा, तू माह्या घरात काय लावून दिलं, तुले माहीत आहे का? जानेवारीत मोनालीचे बाबा दोन दिवस तुझ्याकडं अमरावतीले पाहुणे म्हणून आले. जाताना चांगले रविवारवाले होते. येताना पिशवीत संत्री आणि डोक्यात शनिवार. खरा शब्बाथ, म्हणजे देवानं ठरवलेला विसाव्याचा दिवस, सातवा, शनिवार; रविवार माणसांनी मागून ठरवला, असं तू त्याइले समजावलं आणि मोकळा झाला. संसार मले करा लागते.

पहिल्याच शुक्रवारी माही भाकर तव्यावर होती. हे कॅलेंडरात सूर्यास्त पाहून सैपाकघरात आले आणि गॅस बंद केला. शब्बाथ संध्याकाळपासून लागतो म्हणे. भाकर एका अंगानं कच्ची. तेव्हापासून एक शनिवार सोडून हे अमरावतीले तुमच्या शनिवारच्या उपासनेले, आणि घरी दर शनिवारी बाजार नाही, गॅस नाही, बल्ब गेला तर अंधारात बसायचं. जेवण मात्र पाहिजे. ते शुक्रवारी करून ठेवायचं (कोणी करायचं, ते तुमच्यापैकी कोणी बोलत नाही), आणि एप्रिलात अकोल्यात शुक्रवारची भाजी शनिवारी दुपारी काय होते, ते तू वहिनीले विचार.

आमचे पाळकसाहेब समजवाले आले. प्रभू कबरेतून उठला तो आठवड्याचा पहिला दिवस, पहिले विश्वासणारे त्याच दिवशी भाकर मोडाले जमत, म्हणून आपण रविवार पाळतो, असं त्याइनं शांतपणे सांगितलं. हे म्हणाले, दहापैकी नऊ आज्ञा चालतात, मग शब्बाथाच्या चौथीनंच काय घोडं मारलं? पाळक म्हणाले, दिवसावरून कोणी कोणाचा न्याय करू नये असंही शास्त्रात आहे. हे म्हणाले, मग तुमी इथं काहून आले? पाळकसाहेब चहा न पिता गेले. (मले त्या वेळी हसू आलं होतं. ते धरू नको.)

इथपर्यंत मी सोसलं. आता गेल्या शनिवारचं आईक. मोनालीचं तिवशाच्या चंदनशी जमलं आहे. ती शिकवते त्याच शाळेत तो गणित शिकवते, दोघांनी एकमेकांले पसंत केलेलं. मोठ्यांनी फक्त तारीख काढायची. दुसरा शनिवार, शाळेले सुट्टी, म्हणून चंदन आपल्या वडिलांले, नत्थुजींले, घेऊन आला. नत्थुजी तिवशाच्या मंडळीतले वडीलधारे, चाळीस वर्षांत एक रविवार चुकला नाही असा माणूस. त्याइनं डायरी उघडली. मोनालीचे बाबा म्हणाले, आज शब्बाथ आहे, आज ठरावाची गोष्ट नाही. नत्थुजी म्हणाले, कोणाचा शब्बाथ? झालं. एक जण रिकाम्या कबरेवर हात आपटून राहिला, दुसरा दहा आज्ञा घेऊन सीनाय पर्वतावर चढून बसला. तारीख दूरच, दोघांनी मिळून पोरीच्या लग्नाचा शब्द काढला नाही. चंदन भिंतीकडं पाहत बसला. शेवटी मोनाली आतून आली. आवाज न चढवता म्हणाली, "बाबा, तुमचा वार ठरला की मले सांगा. तोवर मी म्हातारी होते." आणि आत गेली. नत्थुजींनी डायरी मिटली, आणलेला पेढ्याचा डबा उचलला आणि तिवशाची गाडी पकडली.

मग माहं डोकं फिरलं. रविवारी सकाळी मी जाहीर केलं, तुमी शनिवार पाळता तसाच मी रविवार पाळते. गॅस नाही, चहा नाही, धुणं नाही. साडी नेसली आणि उपासनेले गेली. पण चित्त लागलं नाही, सगळ्या गाण्यांत मले तूच दिसून राहिला होता, आणि तुले काही बरं म्हणत नव्हती मी.

बाहेर आली तर फाटकापाशी हे उभे. उपाशी. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "दीपे, तीस वर्षं पाण्याच्या पंपावर होतो. गावाले पाणी रोज लागे, मले रविवार कधी भेटलाच नाही. शेषराव म्हणाला, देवानं एक दिवस तुह्यासाठी राखून ठेवला आहे. असं मले कोणी म्हटलं नव्हतं."

दादा, मी रस्त्यात उभी राहून रडली. पण त्याइच्यासाठी नाही. त्या तीस वर्षांत मी दर रविवारी बाकावर एकटी बसली, शेजारी पर्स ठेवून जागा धरली. लोकाइले सांगे, ड्युटी आहे. रिटायर झाले की बसतील, एवढंच धरून होती. रिटायर झाले, आणि तू त्याइले शनिवारी अमरावतीच्या बाकावर नेऊन बसवलं. मले शब्बाथ कोणता ते भांडायचं नाही. माही जागा तू घेतली, त्याचा राग आहे.

असो. काल हे स्वतः तिवशाले गेले आणि नत्थुजींची माफी मागितली. लग्न मे महिन्यातल्या दुसऱ्या बुधवारी ठरलं. बुधवारावर अजून कोणाचा दावा नाही.

तुझी
दीपमाला

ता.क. हे पत्र त्याइले दाखवू नको.

ता.क. २. त्याइले एवढं सांग, की शनिवार पाळणाऱ्यानं रविवारी बायकोशेजारी बसू नये असं कुठं लिहिलेलं नाही. तुझं ते ऐकतात. माहं तीस वर्षांत ऐकलं नाही.

ता.क. ३. येत्या शनिवारी त्याइच्यासोबत मीही येऊन राहिली. फक्त बसाले. राग आहे तसाच आहे. तुझ्याशी बोलणार नाही. वहिनीले सांग, बायांच्या बाजूले नाही, मले त्याइच्या शेजारी जागा पाहिजे.