चिंधी बांधलेला घोस

मुक्काम जिंतूर
वैशाख वद्य पंचमी, शके १८६५

विहीणबाई दगडाबाई यांना कस्तुराबाईचा नमस्कार.

आमी सगळे धडधाकट हाव. पोखर्णीला तुमी बी बरे असाल असं धरून चालते. यंदा ऊन लय हाय. आडाला पाणी हाय, पण दोन पोहरे ओढले की गढूळ येतंय. घासलेट मिळंना, म्हणून उजेड हाय तवर लिहून घेतेय. हे पत्र गयालाच वाचायला लावा. तिला येतंय वाचता. तुमच्या पोरीला धूळपाटीवर अक्षरं मीच शिकवलीत, माझ्या वडिलांनी मला शिकवली तशी.

कामाचं लिहिते. आमचं वालाचं बी संपलं, हे तुमाला ठाऊकच हाय. ते माझ्या आईनं माझ्या ओटीत घातलेलं, तिला तिच्या आईनं. जांभळ्या फुलाचा वेल, शेंगेच्या कडेला जांभळी रेघ, दाणा काळा. तीस वर्षं तो आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढला. पहिल्या घोसाला आमी चिंधी बांधतो. चिंधी बांधली म्हंजे हात लावायचा न्हाई, तो घोस वेलीवरच वाळवून बियाला ठेवायचा. बाकीच्या शेंगा घरानं खाव्या, शेजारणींनी न्याव्या, त्याला माझी कधी ना न्हवती. गेल्या साली वेलावर मावा पडला आन चिंधीच्या घोसाशिवाय काही वाचलं न्हाई.

तुमच्या घरची रीत उलटी निघाली. चिंधीचा घोस तुमी नरसिंहाला राखता, आन पौषातल्या पहिल्या शनवारी त्याचे दाणे शिजवून नैवेद्य दाखवता. हे आमाला कुणी सांगितलं न्हाई. गयानं त्या शनवारी घोस तोडला, आन मी मळ्यातून आले तवा नैवेद्याचं ताट वाढून देवापुढं ठेवलेलं. वालाचा वास घरभर सुटला होता. मग मी चार शब्द बोलले. सासू हाय, बोलणारच. तेवढ्यावरून पोरगी माहेरी जाऊन बसली, त्याला पाच महिने होत आले.

भाऊबंद म्हणायलेत, लिंबाजीचं दुसरं लगीन करा. लिंबाजी हो बी म्हणत न्हाई आन न्हाई बी म्हणत न्हाई. जेवतो आन मळ्यात जातो.

तुमचा वाल पांढऱ्या फुलाचा, आमच्यासारखा न्हाई. पण मांडव मोकळा बरा दिसत न्हाई. मिरगाच्या आत ओंजळभर बी धाडा. जिंतूरच्या मोटारीत कुणी ओळखीचं असंल, त्याच्यापाशी द्या.

पोरांना आशीर्वाद.

कस्तुराबाई


मुक्काम जिंतूर
मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १८६५

गया, तुला आशीर्वाद.

हे पत्र तुलाच हाय. मोठ्या अक्षरांत लिहिलंय, तुला अडंल असं जोडाक्षर शक्यतो टाळलंय. सावकाश वाच. वाचून झाल्यावर आईला सांगायचं का न्हाई, ते तुझं तू बघ.

इकडं पाऊस बरा झाला. कपाशी वेचायला चालू हाय. मामंजींचे गुडघे दुखायलेत, पण कुणी विचारलं की कमी झालंय म्हणतात.

वैशाखातल्या माझ्या पत्राला तुझ्या आईची चिठ्ठी आली होती, तुझ्याच अक्षरात. 'बी मागितलंत, पोरीचं काही विचारलं न्हाई.' तेवढंच, आन बी धाडलं न्हाई. मला राग आला. अक्षर मात्र सुधारलंय, हे बघितलं आन चिठ्ठी फडताळात टाकली. मग जबाब द्यायचा राहिला. राहिला म्हणते, पण मी दिला न्हाई.

मिरगात मी बी ठेवायचा वाळका भोपळा खुंटीवरून काढला. रिकामाच हाय, तर त्यात भेंडीचं बी भरावं म्हणून. बघते तर तोंड शेणानं लिंपलेलं. मी लिंपलं न्हवतं. शेणावर बोटं उठली होती, बारीक बारीक. माझी बोटं तशी न्हाईत. फोडून बघितलं. आत राख, कडुलिंबाचा पाला, आन वालाचे तेवीस दाणे.

मी ते दोनदा मोजले. त्या शनवारी तू म्हणायली होतीस, 'आत्याबाई, मी मूठभर…', आन मी म्हणलं, तोंड उघडू नको. देवाला शिजवताना मूठभर मागं ठेवायची, ही तुमची रीत असंल. असणारच. न्हाईतर तुमचा वाल इतकी वर्षं चालला कसा? एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली न्हाई, आन मी गावभर वालातली जाणती म्हणून मिरवते.

तेविसातले बारा दाणे लावले, अकरा ठेवले. नऊ उगवले. वेल पऱ्हाट्यांच्या मांडवावरून आता माळवदावर गेलाय. मधी मावा आला होता. रोज सकाळी दवात राख मारली, तवा हटला. फुलं जांभळीच आलीत. शेजारच्या सुमनबाईनं विचारलं, बी कुठून आणलं? मी म्हणलं, सुनेनं राखलं.

आता ते लिहिते, जे तुझ्या आईला 'चार शब्द' म्हणून उरकलं होतं.

मी म्हणलं होतं, 'पोटातलं राहिलं न्हाई, आता वेलावरचं बी राहिलं न्हाई. तुझ्या हाती आलेलं काहीच टिकायचं न्हाई.' तुझं पोट पडून तवा दोन महिने झाले न्हवते. माझा आवाज सुद्धा चढला न्हवता, पाणी मागावं तसं बोलले. तू ताटावर झाकण ठेवलंस आन दुसऱ्या दिवशी भावाबरोबर गेलीस.

लिंबाजीला तू काही सांगितलं न्हाईस, हे मला नंतर कळलं. तो इतके दिवस समजत होता की भांडण शेंगांवरून झालं, आन शेंगांवरून रुसून बसलेल्या बायकोला आणायला कशाला जायचं. मला ते सोयीचं होतं, मी तसंच चालू दिलं. गेल्या आठवड्यात त्याला सगळं सांगितलं, जसं बोलले तसं. तो उठून गेला. दोन दिवस माझ्या हातचं जेवला न्हाई. आता जेवतो, बोलत न्हाई. दुसऱ्या लग्नाचं बोलणाऱ्या भाऊबंदांना मात्र त्यानं वाड्याबाहेर काढलं. मी त्याला अडवलं न्हाई.

गया, राग शेंगांचा न्हवता. तुला दिवस गेलेत हे कळलं तवाच मी बाळाला खणाची कुंची शिवायला घेतली होती. कुणाला दाखवली न्हाई. अर्धी शिवून झाली आन तुझं तसं झालं. ती पेटीत तळाला हाय. मला त्याचं लय दुःख झालं, ते रडून मोकळं करता आलं न्हाई, आन ते मी तुझ्यावर काढलं. चूक माझी हाय. तुझ्या हातांत काही खोट न्हाई. या घरातलं बी टिकलं ते तुझ्याच हातानं.

पहिल्या घोसाला चिंधी बांधलीय. तुझ्या हिरव्या लुगड्याची हाय, दुसरी हाताशी न्हवती. शेंगा वाळायल्यात. आमच्या रीतीनं मला त्याला हात लावता येत न्हाई. तुमच्या रीतीनं तो पौषातल्या पहिल्या शनवारी तोडायचा, आन या घरात त्या रीतीची तू एकटीच. शनवारला वीस दिवस बी राहिले न्हाईत. लिंबाजीला आणायला धाडू, का भावाबरोबर येशील, ते कळव. तू आली न्हाईस तर मी तुला दोष देणार न्हाई, पण घोस बी तोडणार न्हाई. शेंगा तडकतील, दाणे परसात पडतील. पडू दे.

आलीस तर देवाला किती शिजवायचं आन मागं किती ठेवायचं, ते तूच ठरव. मी विचारणार न्हाई. ठेवलेले अकरा दाणे फडक्यात बांधलेत. भोपळा धुवून, वाळवून खुंटीला लावलाय. त्याचं तोंड मी लिंपलेलं न्हाई.

तुला ते बोललेली, तुझी सासू
कस्तुराबाई