माझ्या गाण्यावर सगळ्यांचा डोळा

४ जुलै
आजपासून ओळखी वाढवायच्या. त्याशिवाय गीतकाराला दार-एस-सलाममध्ये कोण विचारतो? कार्डं छापून आणली: ‘सुदी, गीतकार’. फोन नंबर मुद्दाम घातला नाही. नंबर मिळाला की लोक गाणी ऐकायला मागतात, मग ढापतात.

६ जुलै
शोमारी भेटला. शाळेतला दोस्त, हल्ली स्टुडिओत ढोल वाजवतो. म्हणाला, तौसीबाई नवं गाणं शोधतायत, चल, गाठ घालून देतो. एवढी मोठी गायिका, आणि हा फुकटात गाठ घालणार? याचा डाव काय? नजर ठेवायची.

९ जुलै, दुपार
स्टुडिओ. बाईंनी चहा आणि नारळातले गोड अप्पे पुढे केले. लाच. खाल्ले नाहीत. (फक्त चार.) म्हणाल्या, म्हणा की भाऊ. मी नुसती चाल गुणगुणलो. शब्द कुठायत, म्हणाल्या. म्हटलं, करार झाल्यावर. तर म्हणतात, झाकल्या टोपलीतला मासा विकताय होय? सगळे फिदीफिदी हसले. टेबलावर एक मोबाइल पालथा होता. पालथा का? रेकॉर्डिंग! उठून आलो.

शोमारी दारापर्यंत मागे. अरे येड्या, शनिवारी ये, मी बाईंना थांबवून धरलंय, म्हणाला. थांबवून धरलंय! म्हणजे दोघं सामील.

१२ जुलै, शनिवार
गेलो नाही. भाव वाढू दे. शोमारीचे फोनवर फोन. उचलले नाहीत.

२ ऑगस्ट
बसमध्ये रेडिओवर तौसीबाईंचं नवं गाणं लागलं. निवेदक म्हणाला, गीतकार शोमारी!! उतरून त्याला फोन लावला. म्हणे, तू आलाच नाहीस, बाईंनी चिडून मलाच लिहायला बसवलं, जन्मात पहिल्यांदा लिहिलं बघ. गाणं पुन्हापुन्हा ऐकलं. एकही शब्द माझा नाही. चालसुद्धा नाही. चोरीचा मागमूस ठेवलेला नाही. पक्का आहे.

५ ऑगस्ट
तक्रार करायची तर साक्षीदार हवा. बायकोला शपथ घातली, खिडक्या लावल्या आणि अख्खं गाणं शब्दांसकट पहिल्यांदा गायलो.

ती म्हणाली, हे होय? हे तर तुम्ही रोज आंघोळ करताना बोंबलता. साऱ्या गल्लीला पाठ आहे. समोरच्या पोरी त्यावर दोरीच्या उड्या मारतात.

बसलो. विचारलं, मग अजून कुणी चोरलं कसं नाही?

ती चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली ढवळत होती. म्हणाली, झुहुराचे बाबा, खिडक्या उघडा आता, उकडतंय.

उघडल्या.